वस्त्रं साताऱ्याची, दार वेस्टमिन्स्टरचं

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक लहानसं चर्च आहे. एरवी त्याच्या हॉलमध्ये तान्ह्या मुलांचे खेळगट भरतात. ४ जुलै २०२४ला, गुरुवारी, तिथे मतदान होतं. कामावर जायच्या आधी, सकाळी साडेसातला, मी पोचले. फाटकाला कुत्रा बांधून कुणीतरी आत गेलं होतं. आत एक घडीचं टेबल, त्यामागे दोन बायका. एकीने नाव-पत्ता विचारला, यादीवर पट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत माझ्या नावापाशी थांबली. सार्वत्रिक निवडणुकीत ओळखपत्र दाखवायचा नियम त्या दिवशी पहिल्यांदाच लागू झाला होता. मी पासपोर्ट पुढे केला. गडद निळा, वर 'भारत गणराज्य', मधोमध सिंह. तिने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि मतपत्रिका हातात दिली.

हे अनेकांना खरं वाटत नाही, म्हणून सांगते. मी ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेलं नाही. पण इथे रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथल्या संसदेसाठी मत देता येतं. माझी शेजारीण इटलीची आहे, तिला हा हक्क नाही. मला आहे, कारण माझा देश कधीकाळी यांच्या ताब्यात होता. हे मनात आलं की दर वेळी थोडं अडखळायला होतं, आणि तरीही मी एकही निवडणूक चुकवलेली नाही.

प्लायवूडच्या आडोशात दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल असते. तिने फुली मारायची, कागदाची घडी घालायची, पेटीत टाकायचा. बटण नाही, शिक्का नाही, शाई नाही. बाहेर आल्यावर मी नकळत डाव्या हाताच्या तर्जनीकडे पाहिलं. दोनच महिन्यांपूर्वी, ७ मेला, आईने साताऱ्याहून शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला होता.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी मत दिल्याचं सांगितलं.

"तिकडं राजा आहे ना अजून? मग हे मतदान कशाला?"

"राजा आहे गं. पण राज्य पंतप्रधान चालवतो."

"म्हणजे आपल्या पेशव्यांसारखं," आई म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला.

मी मात्र तिथेच अडकले.

माझं माहेर साताऱ्याचं. 'राजवाडा' हे आमच्यासाठी आधी बसच्या थांब्याचं नाव होतं, इतिहास नंतर कळला. गादी साताऱ्याला, कारभार पुण्याला, हे आम्ही चौथीच्या पुस्तकाआधीच घरात ऐकलेलं. पेशवा कितीही मोठा झाला तरी त्याला पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच घ्यावी लागत. त्याच्या शिक्क्यातही आधी राजा येई, मग तो स्वतः: 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान', मग बाजीराव बल्लाळांचं नाव. पेशव्यालाच पंतप्रधानही म्हणत. हिंदीत प्रधानमंत्री म्हणतात, आपण पंतप्रधान म्हणतो. दिल्लीतल्या किंवा लंडनमधल्या सरकारप्रमुखाला रोज हा शब्द लावताना आपल्याला जाणवत नाही, पण तो शब्द पुण्या-साताऱ्याच्या त्या नात्यातून आला आहे. प्रधान म्हटला की तो कुणाचा तरी प्रधान असतो.

दुसऱ्या दिवशी, ५ जुलैला, ते नातं मी टीव्हीवर पाहिलं. सकाळी मावळते पंतप्रधान ऋषी सुनक डाउनिंग स्ट्रीटवरच्या पंतप्रधान-निवासाच्या त्या काळ्या दारासमोर येऊन उभे राहिले. मागे पत्नी अक्षता मूर्ती. लोकांचा राग मी ऐकला आहे आणि पराभवाची जबाबदारी माझी आहे, असं ते म्हणाले. आपल्याला हरवणाऱ्या केअर स्टार्मर यांना त्यांनी सभ्य आणि लोकहिताची कळकळ असलेला माणूस म्हटलं. मग गाडी निघाली, बकिंगहॅम पॅलेसमध्ये शिरली, आणि काही वेळाने बाहेर आली तेव्हा आत बसलेला माणूस पंतप्रधान नव्हता. त्यानंतर स्टार्मर यांची गाडी आत गेली. या भेटीला इथे अजूनही 'हस्तचुंबन' म्हणतात. हाताला ओठ कुणी लावत नाही, हस्तांदोलन होतं, एक फोटो निघतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास नवे पंतप्रधान त्याच काळ्या दारासमोर बोलत होते. आदल्या रात्री दहाला मतदान संपलं होतं. पंधरा तासही झाले नव्हते.

मला त्यातला मधला वेळ महत्त्वाचा वाटतो. एक गाडी बाहेर पडली आहे, दुसरी अजून आत जायची आहे. तेवढ्या वेळात देशाला पंतप्रधान नसतो. सत्ता कुठे असते? पंचाहत्तर वर्षांच्या एका माणसाकडे, आणि त्याने ती वापरायची नाही, नुसती धरून ठेवायची, असा संकेत आहे. पहिल्या गाडीतल्या माणसाने दिलेली वस्तू त्याने दुसऱ्या गाडीतल्या माणसाला द्यायची. आपल्या मनाने तिसऱ्याच कुणाला नाही. ज्याच्या मागे कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहात, बहुमत, त्यालाच. मोजणी त्याच्यासाठी देशभरातल्या शाळांच्या आणि क्रीडासंकुलांच्या हॉलमध्ये रात्रभर जागून लोकांनी आधीच केलेली असते.

दिवंगत राणीने हे सत्तर वर्षं केलं. ६ सप्टेंबर २०२२ला स्कॉटलंडमधल्या बालमोरल वाड्यात काठी टेकत उभ्या राहून तिने लिझ ट्रस यांची नेमणूक केली आणि ८ तारखेला ती गेली. तिचे पहिले पंतप्रधान चर्चिल १८७४ साली जन्मलेले, शेवटच्या ट्रस १९७५च्या. त्या ट्रस ४९ दिवसच टिकल्या. त्यांना राजाने काढलं नाही, मतदारांनीही नाही. त्यांच्या अर्थसंकल्पी घोषणांनी बाजार कोसळला आणि स्वतःच्याच खासदारांचा विश्वास उडाला. बस, तेवढं पुरलं. सातेक आठवड्यांत जॉन्सन, ट्रस, सुनक असे तीन पंतप्रधान झाले आणि सार्वत्रिक निवडणूक एकही नाही. तेव्हा ऑफिसात लोक संतापले होते, 'आम्हाला कुणी विचारलं?' म्हणत होते. राग खरा होता. पण इथला मतदार पंतप्रधान निवडत नाही, आपल्या भागाचा खासदार निवडतो. बाकीचं कॉमन्स ठरवतं.

राजा स्वतः मत देत नाही. कायद्याने मनाई नाही, पण द्यायचं नाही ही रीत. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमचे तर उभे राहतात." खरंच आहे. ७ मेला तिने ज्या निवडणुकीत मत दिलं तिच्यात उदयनराजे भोसले उमेदवार होते आणि निवडून आले. त्याआधी ऑक्टोबर २०१९च्या पोटनिवडणुकीत याच साताऱ्याने त्यांना हरवलंही होतं. साताऱ्याच्या गादीचा वंशज मत मागायला दारात येतो, लंडनच्या गादीवरच्या माणसाला मतदान केंद्राचं दारही वर्ज्य. दोन्ही ठिकाणी राजाचं काय करायचं हा प्रश्न लोकांनी सोडवला, उत्तरं अगदी वेगळी काढली.

१७ जुलैला संसदेचं उद्घाटन झालं. तो सोहळा मी दर वेळी आवर्जून पाहते. राजमुकुट राजाच्या आधी, वेगळ्या बग्गीतून येतो. राजा लॉर्ड्सच्या, म्हणजे वरिष्ठ, सभागृहात सिंहासनावर बसतो आणि कॉमन्सच्या खासदारांना बोलावणं धाडतो. 'ब्लॅक रॉड' नावाचा अधिकारी ते घेऊन जातो. त्या वर्षी सारा क्लार्क होत्या, या पदावरच्या पहिल्या स्त्री. काळा पोशाख, हातात काळा दंड, लांब लांब मार्गिकेतून एकटीच्या चालण्याचा आवाज. कॉमन्सच्या दाराशी पोचता पोचता आतून कुणीतरी दार धाडकन लावतं. राजाच्या निरोप्याच्या तोंडावर. मग दंडाने तीन ठोके, आणि मग दार उघडतं.

४ जानेवारी १६४२ला राजा पहिला चार्ल्स पाच खासदारांना पकडायला हत्यारबंद माणसं घेऊन कॉमन्समध्ये शिरला होता. ते पाचजण आधीच निसटले होते. राजाने सभापती लेन्थॉलना विचारलं, कुठे आहेत? सभापतींनी गुडघे टेकले आणि सांगितलं की हे सभागृह मला जे पाहायला सांगेल तेवढंच पाहायला मला डोळे आहेत, आणि जे बोलायला सांगेल तेवढंच बोलायला जीभ. गुडघे टेकून दिलेला असा नकार मला दुसरा माहीत नाही. सात वर्षांनी, राजा आणि संसद यांच्यातल्या युद्धानंतर, त्या राजाचा व्हाइटहॉलमध्ये शिरच्छेद झाला. राजेशाही पुढे परत आली, पण भरलेल्या कॉमन्समध्ये राजा पुन्हा शिरला नाही. आजचा राजा तिसरा चार्ल्स. नाव तेच. त्याचा निरोप अजून दाराबाहेर थांबतो.

आणि मग भाषण. राजा वाचतो, पण शब्द सरकारचे. नोव्हेंबर २०२३मध्ये राजा म्हणून पहिलंच भाषण वाचताना चार्ल्स यांनी सुनक सरकारच्या वतीने तेल आणि वायूच्या विहिरींसाठी नवे परवाने द्यायचा कायदा जाहीर केला. तरुणपणापासून पर्यावरणासाठी बोलत आलेला हा माणूस, लोकांनी त्यापायी टर उडवली तेव्हाही न थांबलेला. वाचताना चेहऱ्यावर रेघ हलली नाही. आठ महिन्यांनी त्याच सिंहासनावरून त्याच आवाजात त्यांनी स्टार्मर सरकारचं भाषण वाचलं. त्यात एक वाक्य होतं: लॉर्ड्समध्ये वंशपरंपरेने बसणाऱ्या सरदारांचा बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क काढून घेतला जाईल. जन्माने गादीवर आलेला माणूस, ज्यांची पदं जन्मानेच आलेली आहेत त्यांच्यासमोर, हे वाचत होता. दोन्ही वेळा 'माझे सरकार'.

आपल्याकडे राष्ट्रपती संसदेत आणि राज्यपाल विधिमंडळात हेच शब्द वाचतात, ते इथूनच गेले. शाळेत असताना मला तो नुसता उपचार वाटायचा. आता वाटतं, मनाविरुद्धचं वाक्य स्थिर आवाजात वाचता येणं हीच या पदाची खरी नोकरी आहे. दर आठवड्याला पंतप्रधान राजाला भेटतो, तिथे तिसरा माणूस नसतो, टिपण ठेवलं जात नाही. सल्ला द्यायचा, सावध करायचं, ते त्या खोलीत. बाहेर आल्यावर मौन.

पुन्हा आईच्या वाक्याकडे येते. पेशव्यांसारखं. कुठपर्यंत?

तारखा मांडून बघितल्यावर मला कापरं भरलं होतं. बाजीरावांना शाहू महाराजांनी वस्त्रं दिली १७२० साली. रॉबर्ट वॉलपोल, ज्यांना ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानतात, ते १७२१ला पदावर आले. वर्षभराचं अंतर. दोन्हीकडे गादीवर राजा, दोन्हीकडे कर्तबगार प्रधान, दोन्हीकडे सत्ता हळूहळू राजाच्या दिवाणखान्यातून प्रधानाच्या दफ्तरात सरकत होती. मग १७४०ला बाजीराव वारले आणि वस्त्रं त्यांच्या मुलाला, नानासाहेबांना मिळाली. १७४२ला वॉलपोल यांना जावं लागलं. राजा दुसरा जॉर्ज त्यांच्या बाजूचा होता, त्याला ते हवेच होते. पण कॉमन्समधलं बहुमत सरकलं होतं, आणि राजाची मर्जी असूनही प्रधान टिकला नाही.

ती दोन वर्षं माझ्या डोळ्यापुढून हलत नाहीत. पुण्यात प्रधानकी मुलाकडे गेली, लंडनमध्ये ती सभागृहाकडे गेली. पुढे १७७४मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांना चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रं आली. पाळण्यातला पंतप्रधान. साताऱ्याच्या छत्रपतींना नाही म्हणायची सोय नव्हती, आणि पुण्यात जाब विचारायला कुणी बसलेलं नव्हतं.

याचं कारण माणसांच्या गुणदोषांत मी शोधत नाही. बाजीराव वॉलपोलपेक्षा कुठल्याच अर्थाने कमी नव्हते. मला ते पैशात दिसतं. १६८९च्या हक्कांच्या कायद्यानंतर इंग्लंडच्या राजाला संसदेच्या संमतीशिवाय कर बसवता येईना, शांततेच्या काळात फौज बाळगता येईना. म्हणजे दर वर्षी कॉमन्सपुढे हात पसरणं आलं. तिजोरीची किल्ली तिथे, म्हणून प्रधानाचा जीव तिथे. बाजीरावांना पैसा लागे तेव्हा ते सावकाराकडे जात, मुलूखगिरीवर जात. कर्जापायी झालेली त्यांची तगमग त्यांच्या पत्रांत आहे. सावकार व्याज मागतो. 'ही मोहीम कशासाठी?' असं तो विचारत नाही.

वॉलपोलच्या काळची कॉमन्स लोकशाही होती असं मात्र कुणी समजू नये. मूठभर जमीनदार पुरुषांची मतं, त्यातली कितीतरी विकत घेतलेली. इथल्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं ते १९२८ साली. दोरीला बांधलेली ती पेन्सिल माझ्यासारखीच्या हातात यायला फार माणसं झिजली आहेत.

आणि आजही सगळं नीट आहे असं मला वाटत नाही. राजाचे अधिकार गेले असं आपण सहज म्हणतो. पुष्कळसे गेलेले नाहीत, ते पंतप्रधानाच्या खिशात आहेत. युद्ध, करार, नेमणुका, संसद स्थगित करणं: नाव राजाचं, हात पंतप्रधानाचा. ऑगस्ट २०१९मध्ये, ब्रेक्झिटचा वाद टिपेला असताना, बोरिस जॉन्सन यांनी पाच आठवड्यांसाठी संसद स्थगित करायचा सल्ला राणीला दिला. राणीने बालमोरलमध्ये मंजुरी दिली. ती नाही म्हणू शकत नव्हती, तसं म्हणणं हाच राजकारणात हस्तक्षेप झाला असता. मी तेव्हा फार बेचैन होते. साताऱ्याचं जे झालं तेच इथे होतं आहे असं वाटलं: गादीचा शिक्का प्रधानाच्या हातात, आणि जाब विचारणाऱ्या सभागृहालाच कुलूप.

२४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. न्यायालयाच्या अध्यक्ष लेडी हेल यांनी निकाल वाचला. तो आदेश म्हणजे जणू कोरा कागद घेऊन कुणी संसदेत आलं होतं, अशा अर्थाचं त्यात होतं. संसद स्थगित झालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी खासदार पुन्हा बाकांवर बसले. राजमुकुटाने संसदेला वाचवलं नाही, वाचवता येणं शक्यच नव्हतं. काही नागरिक आणि खासदार कोर्टात गेले म्हणून ती वाचली. मुकुटाचं गुणगान मी ऐकते तेव्हा हे मला आठवतं.

निवडणुकीच्या पद्धतीचंही तसंच. २०२४ला मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं पडली आणि ६५०पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतं आणि जागा पाच. त्या पक्षाचं राजकारण मला जवळचं नाही, माझ्यासारख्यांनी इथे राहण्याबद्दल ते जे बोलतात त्याने घाव बसतो. तरी हा हिशेब मला टोचतो. पेन्सिलच्या फुलीचं वजन सगळ्यांच्या हातात सारखं असायला हवं.

साताऱ्याच्या राजवाड्यात पुढे शाळा भरू लागली. त्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. तोच मुलगा पुढे लंडनला शिकला, आणि ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत मसुदा मांडताना म्हणाला की राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं असेल. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करील, राष्ट्रावर राज्य करणार नाही. राष्ट्राचे निर्णय ज्याने जाहीर होतात त्या शिक्क्यावरची तो खूण असेल. शिक्क्याची ही उपमा वाचताना मला 'हर्षनिधान'वाली पेशव्यांची मुद्राच दिसते. बाबासाहेबांच्या मनात ती होती असं माझं म्हणणं नाही. पण छत्रपतींच्या रिकाम्या वाड्यात बाराखडीपुढचं शिकलेल्या माणसाने नामधारी राजाची जागा कुठे आणि किती ठेवायची हे ठरवलं, आणि ती जागा दर पाच वर्षांनी निवडून द्यायची ठेवली.

साताऱ्याहून लंडनला आलेला आणखी एक माणूस माझ्या मनातून जात नाही. रंगो बापूजी गुप्ते. १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी बोटीने इथे आले आणि १८५३पर्यंत, तेरा-चौदा वर्षं, राहिले. अर्ज केले, पत्रकं छापली, कंपनीच्या भागधारकांपुढे बोलले, खासदारांचे उंबरे झिजवले. जोसेफ ह्यूमसारख्या खासदाराने कॉमन्समध्ये साताऱ्याचा प्रश्न मांडलाही. मधल्या काळात, १८४७ला, महाराज काशीत वारले. १८४८ला राज्यच खालसा झालं. कर्जबाजारी होऊन रंगो बापूजी परतले.

जगातल्या जुन्या संसदांपैकी एक तेव्हाही इथेच होती. बोलण्याचं स्वातंत्र्य होतं, वर्तमानपत्रं होती, वेस्टमिन्स्टरची दारं ठोठावता येत होती. रंगो बापूजींचं म्हणणं कुणी कुणी ऐकलं, माना हलवल्या. पण साताऱ्याच्या एकाही माणसाचं मत कुठल्याही खासदाराला लागणार नव्हतं, आणि हे त्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

दर वर्षी पावसाळी शरद सुरू झाला की नगरपालिकेचा फॉर्म पत्रपेटीत पडतो. घरात मतदार कोण कोण, ते तपासून कळवा. त्यावर माझं नाव छापलेलं असतं आणि पुढच्या रकान्यात राष्ट्रीयत्व: भारतीय. यंदा आई इथे होती. चष्मा लावून तिने तो रकाना वाचला, फॉर्म उलटा करून मागची बाजूही पाहिली, आणि विचारलं, "हा परत टाकायला पोस्टात कधी जायचं?"